सातव्या गाठीला विझलेला दिवा

"दिवा सातव्या गाठीला इझला. आता तू खाली जायाचं न्हाईस, आन् दुसऱ्या कुणाला धाडायचंबी न्हाईस."

"वाऱ्यानं विझला असेल, मामा."

"नऊ हात खोल टाक्यात वारा कुठनं आला? तुज्या मार्सेयहून?"

म्मादी टाक्याच्या तोंडाशी उकिडवा बसला होता. हातात काथ्याचा दोर, दोराला हाताहातावर गाठी आणि टोकाला रॉकेलचा कंदील. समोर भाचा नासुफ उभा, पांढरेशुभ्र बूट घालून. चुलतबहिणीचा मुलगा, वय अडतीस. मार्सेयच्या नोकरीतून बारा वर्षांनी महिनाभराची रजा काढून आलेला. परवा शुक्रवारी त्याचं थोरलं लग्न होतं. धाकटं लग्न कधीच झालेलं, बायको तीच, लेकरंही दोन. पण सगळ्या गावाला बैल कापून, भात रांधून जेवू घातल्याशिवाय बुनीशेले गावात पुरुषाला पुरुषात मोजत नाहीत.

"सोमवारी आठव्या गाठीला इझला हुता," म्मादी म्हणाला. "दोन दिसांत हातभर वर सरकलंय."

"काय सरकलंय?"

म्मादीनं नुसती हनुवटी डोंगराकडे केली. बेटाचा ज्वालामुखी, कार्थाला, ढगात गुरफटून बसला होता. एप्रिलात त्यानं राख ओकली तेव्हापासून महिना महिना त्याचं तोंड दिसत नव्हतं.

म्मादी बासष्ट वर्षांचा. त्यातली एक्केचाळीस वर्षं त्यानं लोकांच्या टाक्यांत काढली. बेटावर ना नदी, ना ओढा. पडेल ते पाणी काळा दगड गिळून टाकतो. छपरावरचं पन्हळीनं टाक्यात येईल तेवढंच माणसाचं. गावातली जुनी टाकी सुलतानांच्या काळातली, जिवंत खडक फोडून केलेली. तटबंदी ढासळली, वाड्यात बाभळी उगवल्या, पण टाकी शाबूत. ती घासायची, तडे चुन्यानं बुजवायचे, हे म्मादीच्या बापाचं काम, मग त्याचं. चुन्यानं त्याच्या बोटांची नखं पार खाल्ली होती आणि गुडघे जिन्यावर कुरकुरायचे. बापानं शिकवलेलं एकच होतं. आधी दिवा उतरवायचा, मग माणूस. दिवा जिथं गुदमरला, तिथं माणसाचं नाक जाता कामा नये.

स्वतःचं थोरलं लग्न मात्र राहून गेलं. दोनदा बैल जमवले, दोन्ही वेळा ते विकून पैसे बहिणींच्या घरांच्या भिंतींत गेले. घर बायकांचं असतं, ते बांधून देणं भावाचं काम. त्याला त्याचा खेद नव्हता. खेद एवढाच की चौकातल्या दगडी बाकांवर त्याला शेवटची जागा होती, दाराजवळची, आणि तिथं बसणाऱ्यानं तोंड उघडायचं नसतं.

नासुफ तडक चौकातच गेला. टाकं त्याच्या सासूचं, एशातीबाईचं. तळाला राखेचा ढोपरभर चिखल. तो उपसून टाकं धुतलं नाही तर शुक्रवारच्या दोन हजार पानांच्या भाताचं पाणी साठवणार कुठं? म्मादी मागोमाग गेला आणि दाराशी उभा राहिला.

वरच्या बाकावर म्लामाली होता. वय एक्कावन्न, थोरलं लग्न वीस वर्षांपूर्वीचं, खांद्यावर भरजरी उपरणं. त्यानं नासुफचं सगळं ऐकलं, मग दाराकडे बघितलं.

"काय रं पोरा म्मादी, डोंगराची बोली तुला कवापासनं कळाया लागली?"

बाकं हसली. अकरा वर्षांनी मोठ्या माणसाला पोर म्हणण्यात तिथं कुणाला काही वावगं वाटलं नाही. म्मादीलाही नाही. जन्मभर तेच ऐकलेलं.

"डोंगराची न्हाई, कंदिलाची कळती," तो म्हणाला. "पाली मरून पडल्यात टाक्यात. सतरा मोजल्या."

तो बोलला हाच गुन्हा झाला. दोघा-तिघांनी एकदम जमिनीवर काठ्या आपटल्या. म्लामालीनं हात वर केला आणि निकाल दिला की लग्नाचं टाकं लग्नाच्या आधी साफ झालंच पाहिजे. म्मादी भीत असेल तर दुसरं कुणी उतरेल. नासुफ म्हणाला, दुसरं कशाला, मीच उतरतो. त्याला वाटलं, परवानंतर ज्या बाकावर बसायचं तिथल्या लोकांसमोर हे शोभून दिसेल.

परत येताना म्मादी आजूबाजूला बघत चालला. दगडी भिंतींवर बसणारे कावळे कुठं दिसत नव्हते. समुद्राकडून वारा यायला हवा होता, तोही नव्हता. हवेत विझवलेल्या काडीसारखा वास होता आणि तो पायापासून वर येत होता, असं त्याला वाटत राहिलं.

टाक्यापाशी त्यानं भाच्याचा दंड धरला.

"मामा म्हणून तुला थांबवता येत न्हाई. तर मग मामा म्हणून एक ऐक. दोर काखंखाली बांदणार. आन् खाली वाकायचं न्हाई. घमेलं लांब दांड्याच्या फावड्यानं भर, उभ्यानं."

"बांधा. तुमचं समाधान होऊ दे."

दोर धरायला म्मादीनं वाड्यामागचे दोन मच्छीमार बोलावले, जाळी ओढून हात दणकट झालेले. नासुफ शिडीनं उतरला. तळाला पोचून हसला. वरून त्याचं डोकं नि खांदे दिसत होते.

"मामा, इथे तर काहीच नाही. थोडं गरम आहे, एवढंच."

"उबा ऱ्हा सरळ."

चार फावडी झाली. पाचव्या खेपेला फावडं चिखलात फसलं आणि ते उपटायला नासुफ वाकला. कमरेइतका वाकला, बस. पुन्हा वर आला नाही. आवाज नाही, धडपड नाही. भरल्या पोत्यासारखा चिखलात तोंडघशी गेला.

म्मादी ओरडला नाही. दोराला हात घालून म्हणाला, "वढा. न थांबता वढा." एका मच्छीमाराला खाली धावत जायचं होतं. म्मादीनं त्याला खांद्यानं ढकललं. असाच एक भाऊ काढायला दुसरा भाऊ उतरतो आणि मग घरात दोन ताटं कमी होतात, हे त्यानं बापाच्या तोंडून ऐकलं होतं. दोर कडेच्या दगडावर घासत वर आला. नासुफचे ओठ जांभळे, पांढरे बूट काळेभोर. म्मादीनं त्याला उताणा केला, तोंडातला चिखल बोटानं काढला, छातीवर दाबत राहिला. एशातीबाई दारात येऊन उभी राहिली. नासुफला खोकला आला तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसली.

लग्न शुक्रवारी झालंच. राजधानी मोरोनीहून टँकरनं पाणी आलं, बैल कापले, ढोल वाजले. रविवारी नासुफ नवं उपरणं घालून चौकात बसला. कुणीतरी टाक्याचा विषय काढला. म्मादी दाराशी होता. भाच्यानं त्याच्याकडे बघायचं टाळलं.

"उपाशीपोटी उतरलो, म्हणून चक्कर आली," नासुफ म्हणाला. "जरा दमलोही होतो."

बाकांनी माना हलवल्या. नवरदेवाला विषारी वायूनं झोपवलं म्हणण्यापेक्षा चक्कर बरी. मशिदीचं टाकं मंगळवारी साफ करायचं ठरलं, चार गडी लावून.

म्मादी उठला. त्याला कुणी थांबवलं नाही. तो एशातीबाईच्या मागच्या दारी गेला. ती चुलीपाशी भांडी घासत होती.

"बाई, तुज्या जावयानं चौकात खोटं सांगितलं. काल तुज्या टाक्यात दिवा सहाव्या गाठीला इझला. मशिदीच्या टाक्यात मंगळवारी माणसं घालणार हाईत."

एशातीबाईनं हात राखेतून बाहेर काढले.

"चारी गड्यांच्या बायका माझ्या वळखीच्या हाईत," ती म्हणाली. "दार त्यांचं, भाकरी त्यांची. मंगळवारी एकबी गडी घरातनं भायेर पडला तर मला सांग."

मग तिनं विचारलं, मशिदीचं टाकं तसंच राहिलं तर नमाजाआधी हातपाय धुवायला पाणी कुठलं. म्मादी म्हणाला, बादली दोरानं सोडून चिखल वरूनच उपसू, महिना लागेल. तोवर डोंगर काय करतो, ते त्याला ठाऊक नव्हतं आणि त्यानं तसं सांगितलं.

मंगळवारी मशिदीपाशी गडी कुणी आलाच नाही. म्लामाली येऊन रिकाम्या अंगणात थोडा वेळ उभा राहिला. मग उपरणं सावरून निघून गेला. जमिनीतून एक बारीक थरथर गेली. अंगणातल्या घडवंचीवरचे पितळी तांबे किणकिणले आणि गप्प झाले.

म्मादीनं चुन्याचं घमेलं खांद्यावर घेतलं. खालच्या आळीत मोइनाहाली म्हातारीच्या पन्हळीत राख तुंबली होती. पाऊस यायच्या आत ती पन्हळ टाक्यापासून सोडवून बाजूला करायची होती, म्हणजे पहिल्या पाण्याबरोबर राख टाक्यात उतरली नसती. त्यानं शिडी लावली, पन्हळीची पहिली खुंटी उपटली आणि दुसरीकडे सरकला.