घड्याळजीचा एकुलता एक पेनड्राइव्ह

घड्याळजी हुशार माणूस, पण चिक्कू नंबर एक. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून घड्याळं उघडली, कधी एक स्क्रू हरवला नाही. बायको म्हणायची, "अहो, तुमच्या घरात जादा काही म्हणून मिळायचं नाही. नशीब, माणसं तरी दोन आहेत!" म्हणायची, म्हणजे गळ्याच्या ऑपरेशनपर्यंत. तेव्हा आवाज गेला तो गेलाच. आदल्या दिवशी तिने जुन्या लॅपटॉपवर तासभर बोलून ठेवलं होतं, खास नवऱ्यासाठी.

दोन वर्षांत लॅपटॉप रडतखडत चालायला लागला. एक दिवस हा बंद पडेल आणि तिचा आवाज आतच राहील, या धास्तीने घड्याळजीने ठरवलं: सगळं पुसायचं आणि लिनक्स टाकायचं, जुन्या मशीनवरही पळणारी फुकटातली सिस्टिम. आधी रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर उतरवलं. मग लिनक्स भरायलाही पेनड्राइव्ह लागतो म्हणे. दुसरा आणायचा? छे! आहे तोच लावला. 'आतलं सगळं पुसलं जाईल' अशी सूचना आली. लॅपटॉपबद्दलच असेल, असं समजून गड्याने बिनधास्त 'हो' दाबलं.

लिनक्स बसलं, पण लॅपटॉप सुरू होईना. काळा पडदा आणि एकच ओळ, डिस्क सापडत नाही. तीन दिवस घड्याळजी हात धुऊन मागे लागला. डिस्क काढून परत बसवली, लिनक्स दोनदा नव्याने टाकलं, आपल्या घड्याळांच्या दुकानाकडे फिरकलाही नाही. शेवटी मशीन चालू होता होता एफ-टूचं बटण दाबून सेटिंगमध्ये शिरला आणि सुरू होण्याची जुनी पद्धत निवडली. जुन्या मशीनला तेवढंच हवं होतं!

"अगं ए, ये लवकर! जमलं!"

ती हात पुसत आली, शेजारी बसली आणि कानाकडे बोट दाखवून हसली. त्याने ऐटीत पेनड्राइव्ह उघडला. आत नुसतं लिनक्स. पुन्हा उघडला. मग ती सूचना आठवली.

"गेलं गं," तो म्हणाला. "मीच पुसलं."

तिने पाटी ओढून लिहिलं, 'जाऊ द्या. तुम्ही ऐकलं होतं ना?'

काय सांगणार, कपाळ! दोन वर्षांत एकदाही नाही. ऐकलं तर रडू येईल म्हणून हा भित्रा ते नुसतं जपत बसला होता. त्याची मान खाली गेली, तेव्हा तिलाही कळलं.

"लिहून दे ना," तो रडत म्हणाला, "काय बोलली होतीस ते."

तिने पेन्सिल उचलली, थोडा वेळ हातात धरली आणि खाली ठेवली.