दहा सेकंद हात बाजूला

दिनांक १७ फेब्रुवारी. तीन हजार आठशे पन्नास रुपये. एवढे मोजून लिफ्टवाल्यांनी आपल्या रिमोटच्या हेलिकॉप्टरसाठी गायरो आणला आणि बायकोला सांगितलं, "हा शेवटचा खर्च. यानेही जमलं नाही, तर विकून मोकळा होतो."

छत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून ते निवृत्त झाले होते. हेलिकॉप्टर हा एकुलता एक शौक. पण वर्षभरापासून डावा हात थरथरत होता, आणि शेपूट सांभाळायची ती रिमोटच्या डाव्याच दांडीने. वरचं मोठं पातं एका दिशेला फिरलं, की हेलिकॉप्टरचं धड उलटं गरगरू पाहतं. शेपटीचं छोटं पातं त्याला रेटून धरतं. गायरो तो रेटा आपोआप कमीजास्त करतो. न सांगता ते धड जरा वळलं, की माणसाच्या आधी त्याला कळतं.

तरीही गच्चीवर हेलिकॉप्टर उचललं, की नाक आपलं डावीकडे. चार दिवस तेच. शेवटी त्यांनी एका गिऱ्हाइकाला रविवारी बोलावलं.

"हात गेला माझा," ते बायकोला म्हणाले.

"गेला कुठे? काल बटाटे चिरलेत की. चौकोनी सांगितले, त्रिकोणी झाले, एवढंच."

ते हसले नाहीत.

रविवारी गिऱ्हाईक आलं. एकदा उडवून दाखवायला म्हणून लिफ्टवाल्यांनी बॅटरी जोडली आणि सवयीने डावा तळवा यंत्रावर ठेवला. यंत्र सुरू होताना त्याचा कंप हाताला कळलाच पाहिजे, हा त्यांचा जन्माचा नेम.

"हा दिवा का लुकलुकतोय?" बायकोने विचारलं.

"स्थिर म्हणजे काय, ते गायरो शिकतोय. दहा सेकंद लागतात."

"आणि तुम्ही हात ठेवलाय?" तिने वीस वर्षं औषधाच्या दुकानात पुड्या तोलल्या होत्या. "काटा शून्यावर आणताना मी ताटलीला बोट लावलं असतं, तर मालकांनी घरी बसवलं असतं मला!"

त्यांनी हाताकडे पाहिलं. ती थरथरच गायरो रोज स्थिर समजत होता.

तिने त्यांचा हात उचलून आपल्या दोन्ही हातांत घेतला. बॅटरी काढून पुन्हा जोडली ती त्यांनी उजव्या हाताने. मग तिने मोठ्याने दहा आकडे मोजले. दिवा लुकलुकायचा थांबला, तिने हात सोडला आणि त्यांनी रिमोट घेतला.

हेलिकॉप्टर उठलं आणि पाण्याच्या टाकीकडे नाक करून हवेत उभं राहिलं. दांडीवर डावा हात थरथरतच होता. शेपूट हलली नाही.

"बोला, किती द्यायचे?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"विकायचं नाही," लिफ्टवाले वर बघतच म्हणाले.

"अहो, दोन बस बदलून आलोय मी!"

"चुकलंच माझं. भाडं देतो."

भाडं चाळीस रुपये झालं होतं. घरात सुटे नव्हते. ते चाळीस रुपये अजून द्यायचे आहेत.