निळ्या बेडकाची मजुरी

पहाटे साडेचारला नखवाल्यांचा दिवस सुरू व्हायचा. कारखान्याची पहिली पाळी सहाची, बस पाच दहाची, आणि दाढी न करता कामावर जाणं त्यांना मान्य नव्हतं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी डोळा साडेचारलाच उघडायचा. उठून करायचं काय, हा प्रश्न होताच. पण म्हणून अंथरुणात लोळत पडायचं हे काही त्याचं उत्तर नव्हे, असं त्यांचं म्हणणं. बायको म्हणायची, तुम्ही खुशाल उठा, फक्त भांडी वाजवू नका.

नखवाले हे नाव कारखान्यातलं. टाइलच्या कारखान्यात भट्टीतून निघालेला माल शेवटी ज्या बाकावर यायचा, त्या बाकावर ते एकतीस वर्षं बसले. टाइल हातात घ्यायची, चारही कडांवरून अंगठ्याचं नख फिरवायचं, चार कोपरे बघायचे, मधोमध नखाने एक टिचकी. आवाज खणखणीत आला तर माल धड, बद्द आला तर आत चीर. पहिला दर्जा डावीकडे, दुसरा उजवीकडे, बाद माल पायाशी. एका पाळीत तीन हजार टाइल. टाइलवर फूल आहे की पान, इकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. चित्र गिऱ्हाइकासाठी, कड आपल्यासाठी. चित्र बघत बसलं की हात मंदावतो. स्वतःच्या न्हाणीघराच्या टाइल त्यांनीच निवडून आणल्या होत्या. त्यांच्यावर बदकं आहेत हे त्यांना चार महिन्यांनी एका पाहुण्याकडून कळलं.

त्यांना एकुलती एक लेक. ती दूर बंदरावर क्रेन चालवते. तिच्या खोलीत, पलंगाखाली, बुटांचे अकरा खोके होते आणि त्यांत खेळाची कार्डं ठासून भरलेली. एकेका कार्डावर एखादा प्राणी, जादूगार नाहीतर हत्यार. दोघांनी समोरासमोर बसायचं, आपापली कार्डं एकमेकांवर सोडायची, ज्याचा दम आधी संपेल तो हरला. आठव्या वर्षापासून नोकरी लागेपर्यंत तिने ती जमवली. खाऊचे पैसे, बक्षिसाचे पैसे, बस सोडून पायी आल्यावर वाचलेले पैसे, सगळे त्यात गेले. नखवाल्यांनी त्यावर वर्षानुवर्षं तोंडसुख घेतलं होतं. मी भट्टीपाशी घाम गाळायचा आणि हिने त्याचा पुठ्ठा विकत घ्यायचा.

एका रविवारी तिचा फोन आला. सगळं विकून टाक, मी काही आता खेळत नाही, असं तिने सांगितलं. येतील त्या पैशांतून आईला वॉशिंग मशीन घे, धुणी बडवून तिची कंबर कामातून गेली आहे. मात्र मातीमोल देऊ नकोस, नीट किंमत काढून दे.

"आणि बाबा, एक कार्ड विकायचं नाही. छत्रीवाला बेडूक. त्याचे कोणी काही देणार नाही, पण तो माझा आहे."

"ठेवतो."

"विसरशील."

"एकतीस वर्षांत माझ्या बाकावरून फुटका तुकडा पुढे गेला नाही. बेडूक कुठे जातोय?"

दुसऱ्या दिवशी पहाटे नखवाल्यांनी जेवणाचं टेबल पुसलं, खिडकीकडे तोंड करून खुर्ची मांडली, जुने सुती हातमोजे काढले. उजव्या अंगठ्याचं टोक मात्र कापून मोकळं ठेवलं, नख लागायला. डावीकडे पहिला दर्जा, उजवीकडे दुसरा, पायाशी बाद. बायकोने विचारलं, जेवायचं कुठे. ते म्हणाले, ओट्यापाशी उभ्याने. तिने विचारलं, किती दिवस. त्यांनी एक खोका मोजला, घड्याळ बघितलं आणि सांगितलं, आठ.

बरोबर आठ दिवस लागले. नऊ हजार चारशे कार्डं, एकूण एक हाताखालून गेली. कोपरा पांढरा पडलेला, कड दबलेली, पाठीवर चरा उठलेला. नख फिरलं की कळायचं. टिचकीचा मोह त्यांनी आवरला. बेडूक समोर आला की दिसेलच, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. एवढा छत्री घेऊन बसलेला प्राणी, नजरेतून सुटतो कसा?

नवव्या दिवशी ढकलगाडीवर खोके रचून ते कार्डांच्या दुकानात गेले. दुकान अरुंद, एका बाजूला किल्ल्या बनवणारा, दुसऱ्या बाजूला चष्मेवाला. पुढच्या भागात दोन टेबलं, तिथे चांगली टक्कल पडलेली माणसं बसून एकमेकांवर राक्षस सोडत होती. दुकानवाली चाळिशीतली, गळ्यात दोरीने लटकवलेलं भिंग. तिने पहिल्या दर्जाच्या खोक्यातली दहा कार्डं काढली, भिंगाखाली धरली. मग बादमधली दहा. मग भिंग खाली सोडलं.

तिने विचारलं, काका, हे कुणी निवडलं. नखवाले म्हणाले, मी. ती म्हणाली, कोपऱ्यांचं असं काम मी आजवर बघितलं नाही, पण ढीग उलटे लागले आहेत. मग तिने समजावून सांगितलं. ही जी कोरी करकरीत आहेत ना, ती कोरी का राहिली? कारण कोणी खेळायला घेतलीच नाहीत, भाकड माल. आणि ही बादमधली रोज लढायला जात होती म्हणून झिजली. ज्याच्यात दम असतो तेच झिजतं. आधी कार्ड कुठलं ते बघायचं, मग कोपरा.

हे नखवाल्यांना पटलं. पण पटल्याचं त्यांनी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. ही बाई गप्प बसून बाद माल रद्दीच्या भावात उचलू शकली असती, हेही त्यांच्या लक्षात आलं. तरी विश्वास ही एक गोष्ट आणि कागद ही दुसरी.

दोन तास घासाघीस झाली. कार्डांची किंमत ठरली ती त्यांच्या शेवटच्या पगाराच्या अडीचपट. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून वर आठ दिवसांची निवडण्याची मजुरी लावली. दुकानवाली म्हणाली, मजुरी कसली, ढीग उलटे लावण्याची? नखवाले म्हणाले, ढीग उलटे असतील, कोपरे सुलटे आहेत, तुमचे आठ दिवस वाचले. ती हसली आणि तिने अर्धी मान्य केली. मग त्यांनी कोरा कागद मागितला आणि कारखान्याच्या फाटकावर लिहिलेला नियम स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात उतरवला: माल तपासून दिला व घेतला, फाटकाबाहेर गेलेला माल कोणत्याही कारणाने परत होणार नाही. खाली दोघांच्या सह्या. उद्या ही बाई अर्धे खोके परत घेऊन दारात उभी राहील, अशी त्यांना धास्ती होती.

चार दिवसांत वॉशिंग मशीन आलं. बायको त्याच्यासमोर स्टूल टाकून बसली आणि काचेतून चादर फिरताना बघत राहिली. नखवाले बागेत फिरायला जाऊ लागले, तेही छाती काढून.

पुढच्या रविवारी लेकीचा फोन. बारा दिवसांनी सुट्टीवर येतेय, तिने सांगितलं. बेडूक ठेवलास ना?

"ठेवलाय," नखवाले म्हणाले आणि फोन ठेवून खुर्चीवर बसले.

नऊ हजार चारशे कार्डांत त्यांना एकही बेडूक दिसला नव्हता. बेडूकच काय, हत्तीसुद्धा दिसला नव्हता. कोपरे मात्र पाठ होते. तिसऱ्या खोक्यात वरचा डावा कोपरा दुमडलेलं एक होतं. सातव्यात खालच्या कडेला दात लागलेलं. कुठला दुमडलेला कोपरा बेडकाचा, हे देवालाच ठाऊक.

बायको घड्या घालत होती. तिने विचारलं, "अहो, कुठला बेडूक?"

"तू तुझं मशीन बघ."

"मशीन आपलं आपण चालतं. मी तुमच्याकडे बघतेय."

सकाळी दुकान उघडायच्या आधी ते पायरीवर हजर. दुकानवालीला त्यांनी बेडकाचं विचारलं. ती काचेच्या कपाटाकडे वळली. वरच्या फळीवर, जाड पारदर्शक कवचात, छत्री घेतलेला बेडूक बसला होता. अंगाने निळा. छापताना हिरवा बनवणारा पिवळा रंग त्या कागदावर पडलाच नव्हता, असे फार थोडे निघाले; तिलाही तो तिसऱ्या दिवशी दिसला. वरचा डावा कोपरा दुमडलेला. खाली किमतीची चिठ्ठी होती. नखवाल्यांनी मनातल्या मनात भाग लावला: पहिल्या दर्जाच्या निवडणाऱ्याची नऊ दिवसांची मजुरी.

त्यांनी सांगितलं, हा चुकून आला, लेकीचा आहे, द्यायचा नव्हता. दुकानवालीने गल्ल्याखालून कागद काढला आणि त्यांच्यासमोर ठेवला.

"अक्षर तुमचंच ना, काका?"

"माझंच."

"मग?"

"मग काही नाही. नियम बरोबर आहे."

वॉशिंग मशीन परत करणं शक्य नव्हतं. बायकोने त्याला नाव ठेवायचं तेवढं बाकी होतं. निवृत्तीचे पैसे बँकेत होते, पण त्याचं पासबुक बायकोच्या उशाखाली. आणि मुळात चूक बाकावर झाली, ती बाकावरच फेडायची, एवढं साधं त्यांना कळत होतं. मागच्या खोलीत दुकानवालीचे चाळीस खोके न निवडता पडले होते, ते त्यांनी पहिल्याच दिवशी हेरून ठेवलं होतं.

पुन्हा घासाघीस झाली. ती शिकाऊची मजुरी म्हणाली, ते म्हणाले, एकतीस वर्षं शिकाऊ कोणी नसतं. त्यांना पूर्ण मजुरी, योग्य उंचीचं स्टूल, खिडकीजवळची जागा आणि दोन वेळचा चहा हवा होता. तिची एकच अट होती: आधी चित्र बघायचं, नाव वाचायचं, मग कोपरा. नखवाल्यांनी दीर्घ श्वास घेतला आणि मान डोलावली. कवचावर 'राखीव' अशी लाल चिठ्ठी लागली.

घरी बायकोने विचारलं, रोज सकाळी निघता कुठे. ते म्हणाले, कामाला. ती म्हणाली, बरं झालं, आणि डबा भरून दिला. आणखी एक अक्षर विचारलं नाही, त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

पहिले चार दिवस ठीक गेले. रोज दोन हजार. पाचव्या दिवशी त्यांच्या हातात कासवावर बसून किल्ल्या विकणारी एक म्हातारी आली. कासवाच्या पाठीवर खुंट्या ठोकलेल्या, प्रत्येक खुंटीला जुडगा, आणि म्हातारीच्या तोंडात एक किल्ली, बहुतेक कुणाला न देण्याची. नखवाले बघत राहिले. मग पुढचं कार्ड, मग त्याच्या पुढचं. चहा दोनदा निवला. संध्याकाळी मोजलं तर अकराशे.

त्यांनी दुकानवालीला सांगितलं, आजचा दिवस धरू नका. ती म्हणाली, अहो काका, चालतं एखाद्या दिवशी.

"चालत नाही. मी बघत बसलो होतो. बघत बसण्याची मजुरी नसते."

म्हणजे नवाचे दहा झाले. लेक बाराव्या दिवशी येणार होती, तेव्हा आता बघत बसायला फारशी जागा उरली नव्हती.

सातव्या दिवशी पुढच्या टेबलावरच्या एका टकलाने बेडूक बघितला. चिठ्ठी वाचली, तरी विचारलं, दुप्पट देतो, काढा. मागच्या खोलीत नखवाल्यांचं नख एका कडेवर थांबलं. दुप्पट म्हणजे अठरा दिवस; तेवढं तर हातात नव्हतंच. दुकानवाली जरा जास्तच वेळ घेऊन म्हणाली, विचार करण्यासारखं आहे. मग तितक्याच सावकाश म्हणाली, पण मालक आत बसलेत, आणि ते फार खडूस आहेत. टक्कल परत राक्षसांकडे वळलं. नखवाल्यांचं नख पुढे सरकलं. त्या दिवशी बावीसशे झाली.

दहाव्या दिवशी संध्याकाळी बेडूक कवचासकट त्यांच्या खिशात आला. दुकानवालीने पावती लिहिली आणि खाली नियमही लिहिला: फाटकाबाहेर गेलेला माल परत नाही. नखवाल्यांनी सही करण्याआधी तो दोनदा वाचला.

दोन दिवसांनी लेक आली. जेवण झाल्यावर त्यांनी बेडूक टेबलावर ठेवला. तिने विचारलं, हे कवच कशाला. ते म्हणाले, धूळ बसू नये म्हणून. बायको ताटं उचलत होती. ती म्हणाली, दहा दिवस डबा घेऊन धूळ झटकायला जात होते. लेकीने आळीपाळीने दोघांकडे बघितलं. मग सगळं बाहेर आलं. बायकोनेच सांगितलं, दुकानवालीकडे ती दुसऱ्याच दिवशी जाऊन आली होती, स्टुलाची उंची सांगायला.

लेक हसून हसून वाकली. शांत झाल्यावर तिने बेडूक उचलला.

"ह्याच बेडकाने मी तुला हरवलं होतं. नऊ वर्षांची होते. तू एकदाच खेळलास माझ्याशी."

"मला आठवत नाही."

"कसं आठवेल? डाव संपेपर्यंत तू माझ्या कार्डांचे कोपरे बघत होतास."

नखवाल्यांनी बेडकाकडे बघितलं, या खेपेला सरळ तोंडाकडे. बेडूक निळा होता, छत्री किंचित वाकडी धरली होती, आणि चेहऱ्यावर नुकताच कुणाला तरी हरवल्याचा भाव होता.

त्यांनी लेकीला बजावलं, कवचातून काढू नकोस, किंमत उतरेल. ती म्हणाली, बरं. आठवड्याने तिने बंदरावरून फोटो पाठवला. क्रेनच्या केबिनमध्ये, जमिनीपासून दहा मजले वर, जिथे दिवसभर बोलायला माणूस नसतो, तिथे समोरच्या काचेच्या चौकटीवर बेडूक लावला होता. कवच नव्हतं. मधोमध टाचणी ठोकलेली.

नखवाल्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला. कोपरा दुमडलेला, पोटात भोक. मग त्यांनी फोटो बायकोला दाखवला आणि सांगितलं, हे बघ, माझ्या दहा दिवसांच्या मजुरीत हे घेतलं.