आत्याचं मशीन आणि गल्लीतला लोड

फुफ्फुसाच्या आजारानंतर आत्या आमच्याकडे कळंब्याला राहायला आली. तिच्या पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन दिवसभर घरघरत असायचं.

मे महिन्यातल्या एका दुपारी गल्लीच्या तोंडाला विजेच्या डीपीवर धाडकन आवाज झाला. वीज गेली, मशीन थांबलं. मी धावत जाऊन त्याची पिन इन्व्हर्टरच्या बोर्डात घातली. घरघर पुन्हा सुरू झाली. पण बॅटरी किती वेळ पुरणार?

बायकोनं टीव्ही, वायफाय, दिवे, सगळं भराभर बंद केलं. पंख्याच्या बटणापाशी तिचा हात अडला. आत्या घामानं निथळत होती.

"बंद कर की," आत्या म्हणाली. "वारा नगं मला. श्वास पायजे."

बायको ओला पंचा घेऊन तिच्या उशाशी बसली. मी घरातून रस्त्यावर, रस्त्यावरून घरात नुसता फिरत राहिलो. बॅटरी संपत आली तसा इन्व्हर्टर टूं टूं करायला लागला. तेवढ्यात वीज आली.

वायरमन खांबावरून उतरत म्हणाला, "पावणं, लाइट आलीया, पर समद्यांनी एकदम एसी लावलं तर परत जाणार. लोड झेपंना झालाय."

मी घरोघरी सांगत सुटलो. पहिल्याच दारात उत्तर मिळालं, "आमी बिल भरतोय की!" आणि दार लागलं. पुढं मिस्त्रीचाचांचं सुतारकामाचं दुकान होतं. त्यांनी ऐकलं, रंधा मशीन बंद केलं आणि माझ्यावरच ओरडले, "घरात मशीनवरचं माणूस हाय, आन् हे आत्ता सांगताय व्हय?"

मग तेच पुढं झाले. त्यांच्या खणखणीत आवाजानं माणसं बाहेर आली. कुणी पाण्याची मोटर उद्यावर ढकलली, कुणी दोन खोल्यांतले एसी बंद करून एकाच खोलीत बसायचं कबूल केलं. ते पहिलं दार उघडलं नाही. तरी त्या दिवशी पुन्हा वीज गेली नाही.

आत्या पुढं बरी होऊन कुरुंदवाडला आपल्या घरी गेली. मी मात्र स्वस्थ बसू शकलो नाही. गच्चीला चुना मारला, एसीच्या जागी खिडकीला वाळ्याचा पडदा लावला, इस्त्री आणि मोटर एका वेळी लावणं सोडलं. परवा एका लग्नाच्या हॉलमधल्या रिकाम्या खोलीत पंखे गरगरत होते. मी जेवण सोडून बंद करायला उठलो.

"अहो, लोकांचा हॉल हाय," बायको म्हणाली.

"पण वीज एकाच तारेतनं येतीया की," म्हणत मी गेलोच.