प्रतिज्ञेवर सांगतो

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगायचं राहूनच गेलं — राहून गेलं म्हणणंही खोटंच, मी सांगितलं नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आम्ही दिंद्रुडकडचे. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात देव नाही. अण्णा गवंडी होते. एकदा बांधाच्या भांडणात पंच त्यांना म्हणाले, मारुतीच्या पायरीला हात लावून सांग, मग मानू. अण्णांनी हात लावला नाही. "पायरीला हात लावून मी खरा व्हत न्हाई," एवढंच बोलले. जमीन गेली, पण अण्णा घरी आले ते मान ताठ ठेवून. मी लहान होतो. वाटायचं, आपणही असंच व्हायचं.

कुणाला वाटत नाही?

पुढे मी गेवराई तालुक्यातल्या एका खासगी शाळेत मास्तर म्हणून लागलो. नोकरी अजून कायम झाली नव्हती. एका सकाळी फाट्यावर एसटीची वाट बघत उभा होतो. नदीकडून वाळूचा टिपर आला, दुधाच्या किटल्या घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्याची सायकल त्यानं उडवली आणि कडेला जाऊन थांबला. स्टिअरिंगमागून एक तरुण उतरला आणि उसातून पळत सुटला. त्याला मी ओळखत होतो. टिपरमालकाचा मुलगा. आणि टिपरचा मालक म्हणजे आमच्या शाळेचा अध्यक्ष.

डावीकडून ज्ञानोबा उतरला — मालकाचा पगारी ड्रायव्हर. मूळचा वडवणीचा, कामासाठी बिऱ्हाड आमच्या शाळेच्या गावात केलेलं. त्याची मुलगी माझ्या वर्गात. तो पळाला नाही. त्यानं गळ्यातला रुमाल म्हाताऱ्याच्या मांडीला आवळून बांधला आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. पोलीस आले तेव्हा टिपरजवळ तोच होता. म्हणून तोच सापडला, आणि गाडी त्यानंच चालवली असं ठरलं. म्हाताऱ्याचा पाय पुढे कापावा लागला.

आणि मी? पोलीस यायच्या आत एसटी आली. मी तिच्यात बसलो.

खटला उभा राहिला. गुरुजी तिथं होते, त्यांनी पाहिलंय, असं ज्ञानोबानं वकिलाला सांगितलं आणि मला साक्षीला बोलावणं आलं. अध्यक्षांनी घरी बोलावून चहा पाजला. धमकी? छे. "जे पाहिलं तेच सांगा, गुरुजी," ते म्हणाले. "फक्त नीट आठवून सांगा. अन् तुमचं कायम करायचं औंदा बघू." दमदाटी केली असती तर मला निदान राग आला असता. आला असता का? माझी मलाच खात्री नाही.

कोर्टाच्या आवारात ज्ञानोबाची बायको, चंद्रकला, लिंबाखाली उभी होती. मला बघून पुढं आली. शाळेत सरस्वतीच्या फोटोला मी हात जोडत नाही, हे मुलीकडून तिच्या घरी पोचलेलं होतं. ती म्हणाली, "गुरुजी, हे म्हणत्यात, तुमी देवाच्या भ्यानं खरं बोलणारे न्हाईत. तुमी आपल्या मनानंच खरं बोलता. म्हणून मला घोर न्हाई."

मी मान हलवली. होकारासारखीच.

अण्णा दिंद्रुडहून मुद्दाम आले होते, मागच्या बाकावर बसले होते. शिपाई मला ईश्वराची शपथ सांगू लागला. मी त्याला थांबवलं. "साहेब, मी देव मानत नाही. मी प्रतिज्ञा घेईन." न्यायाधीशांनी वर पाहिलं, "घ्या" म्हणाले. मी प्रतिज्ञेवर सांगतो की खरं सांगेन — माझा आवाज खणखणीत होता. मागं अण्णा सरसावून बसल्याचं मला न बघताही कळलं.

मग ज्ञानोबाच्या वकिलानं विचारलं, गाडी कोण चालवत होतं?

मी म्हणालो, दिसलं नाही. लई धूळ होती.

त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा धूळच सांगितली. पिंजऱ्यातून ज्ञानोबा माझ्याकडं बघत होता. रागानं नाही — आपल्याच ऐकण्यात काही चूक झाली का, असं.

कोर्टाच्या पायऱ्या उतरताना एक गोष्ट मला कळली, ती अजून गेलेली नाही. देवाची शपथ मोडली असती तर जो माझ्या लेखी नाहीच, त्याची मोडली असती. प्रतिज्ञेत माझ्याशिवाय दुसरं होतं कोण?

ज्ञानोबाला शिक्षा झाली. चंद्रकला मुलीला घेऊन वडवणीला परत गेली. हजेरी घेताना त्या मुलीचं नाव चुकून तोंडात यायचं. मी कायम झालो. अण्णांनी विहारात उभं राहून सगळ्यांना सांगितलं, "माझ्या पोरानं भर कोर्टात देवाचं नाव घेतलं न्हाई." टाळ्या पडल्या. मी खाली बघत होतो, लोकांना तो विनय वाटला. शेवटच्या आजारात भेटायला येईल त्याला ते हेच सांगायचे. त्यांच्या उशाशी बसून मी ते ऐकायचो.

बऱ्याच वर्षांनी वडवणीच्या बाजारात ज्ञानोबा भेटला. टमाट्याच्या ढिगामागं बसला होता. मी वळून जाणार, तेवढ्यात त्यानंच हाक मारली. चहा मागवला. मुलीचं लग्न झालं म्हणाला, नातू झाल्याचं हसत सांगितलं. मग कप खाली ठेवून, माझ्याकडं न बघता म्हणाला, "लई धूळ हुती त्या दिवशी, गुरुजी. तुमाला दिसलं नसंल. म्या बायकोला तेच सांगितलं. कशाला उगं मास्तरला नावं ठिवायची?"

अध्यक्ष तोवर वारले होते. माझी नोकरी कुणी घेणार नव्हतं. आसपास ऐकणारंही कुणी नव्हतं.

मी म्हणालो, "हो. लई धूळ होती."

धूळ नव्हती. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, रस्ता ओला होता. हे त्यालाही माहीत होतं. गाडी मालकाचा मुलगा चालवत होता. मी पाहिलं होतं.