वांगं कोणाच्या हातात?

सभा सुरू करण्याआधी मंदाताई दोन कामं करायच्या. खुर्च्या उचलून भिंतीला लावायच्या आणि पिशवीतून एक वांगं काढायच्या. "हे ज्याच्या हातात, त्यानंच बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं." जन्मभर बालवाडी चालवलेली बाई. मोठ्या माणसांनाही त्या गोलात खाली बसवायच्या, आणि ती बसायची.

मी चळवळीतल्या घरात, पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून वाचायला शिकलेली मुलगी. पंचवटीत आमच्या घराजवळ छोटा भाजीबाजार भरतो. तिथल्या विक्रेत्या बायकांसाठी बांधलेलं स्वच्छतागृह दोन वर्षं कुलूपबंद होतं. किल्ली महापालिकेच्या कचेरीतल्या साहेबांकडे, आणि आत कोणाच्या तरी सत्काराचे फलक ठेवले होते. मी जळजळीत पत्रक लिहिलं, छापलं आणि मंदाताईंनी भरवलेल्या त्या बायकांच्या सभेत उभी राहून वाचू लागले. दुसऱ्याच परिच्छेदाला त्यांनी अडवलं.

"वांगं कुठंय तुझं?"

"ताई, हा अन्याय आहे!"

"आहेच. पण तो सोसतं कोण? तू की या? बस खाली. पत्रकाची मागची बाजू कोरी आहे ना? छान. वाट सगळ्यांना."

मला भयंकर राग आला. पण पत्रकं वाटली. त्या कोऱ्या बाजूवर प्रत्येकीनं चित्र काढायचं होतं, आणि प्रश्नही उलटाच: आपले हाल आणखी कसे वाढवता येतील? "हाल मिटवायचे कसे म्हटलं की सगळ्या साहेबाच्या तोंडाकडं बघतात," त्या मला म्हणाल्या. "वाढवायचे कसे म्हटलं की बघ कशी डोकी चालतात."

खरंच चालली. एकीनं कुलपावर सात कुलपं काढली. दुसरीनं स्वच्छतागृह साहेबांच्या गच्चीवर नेलं, वर शिडीही काढून घेतली. हसून हसून पुरेवाट झाली. मेथी विकणाऱ्या जिजाबाईंनी मात्र नुसता उपडा तांब्या काढला होता. वांगं त्यांच्याकडे गेलं.

"बायांना पाणीच पिऊ द्यायचं नाय," त्या म्हणाल्या. मग वांगं मांडीवर ठेवत, "पण ते तर आपलं आपणच बंद केलंय. बाजारात बसले की मी घोट घेत नाय. मुतखडा झालाय मला."

कोणी हसलं नाही. मंदाताईंच्या जागी मी असते तर घोषणा दिली असती. त्या एवढंच म्हणाल्या, "आता तांब्या सुलटा करा."

सोमवारी चाळीस बायका तांब्या तांब्या पाणी पिऊन साहेबांच्या कचेरीत शिरल्या आणि तिथल्या एकुलत्या एक स्वच्छतागृहासमोर रांगेत उभ्या राहिल्या. आरडाओरडा नाही, निवेदन नाही. साहेब धावत बाहेर आले. "तुमची पुढारी कोण?"

जिजाबाईंनी वांगं त्यांच्या हातात ठेवलं. "आता तुम्ही बोला, साहेब."

दुपारी कुलूप निघालं.

गेल्या वर्षी मंदाताई वारल्या. महिनाभरात कुलूप पुन्हा लागलं. ताई नाहीत, आता कोण विचारतंय, असं कोणाला तरी वाटलं असावं. संतापून मी नवं पत्रक छापलं आणि बाजारात धावत गेले. भाज्यांवर ओली पोती टाकलेली, बाई एकही नाही. मला कोणी कळवलं नव्हतं, की कोणाची वाट पाहिली नव्हती.

कचेरीत पोचले तर रांग जिन्यापर्यंत आलेली. जिजाबाईंनी माझ्या हातातला गठ्ठा बाजूला ठेवला आणि तांब्या पुढे केला.

"वाचून मग दाखव. आधी पाणी पी, अन् मागं उभी राहा."