मिजेट, स्प्रिंट आणि पहिली रांग

लेक इंडियानात इंजिनिअरिंग शिकते आणि शनिवार-रविवारी मातीच्या ट्रॅकवर धावणाऱ्या रेसिंग गाड्यांच्या एका टीममध्ये मेकॅनिक म्हणून राबते. तिचे बाबा कंपनीच्या कामाने तैवानला. ॲरिझोनात, चँडलरच्या घरात मी एकटी. कपाटं आवरून झाली, गराज लावून झालं, मसाल्याच्या बाटल्यांना लेबलं लागली. लेकीचा फोन मात्र "ऑल गुड, आई. गॉटा गो"च्या पुढे सरकत नव्हता. पुढे काय विचारायचं, तेच मला माहीत नव्हतं. म्हणून ठरवलं, या गाड्या समजून घ्यायच्या.

जवळच्या ट्रॅकवर लवकर पोचले आणि वळणासमोर पहिल्या रांगेत बसले. नाटकाची तिकिटं आयुष्यभर अशीच काढली. पहिली रांग मिळाली की जिंकलं. आजूबाजूला कोणी नाही, याचंही समाधानच वाटलं. मग गाड्या वळणावर आडव्या घसरत आल्या आणि ओल्या मातीची ढेकळं थेट माझ्या अंगावर.

"फर्स्ट टाइम?" वरून एक गोरी आजी ओरडली. डोळ्यांवर गॉगल, मांडीवर टॉवेल. "ती जागा मातीसाठी राखीव आहे. वर ये!"

तिनेच मला शिकवलं. चाकं सगळ्यांचीच उघडी, त्यामुळे लांबून सगळ्या सारख्या दिसतात. लहान ती मायक्रो स्प्रिंट: मोटरसायकलचं इंजिन, चाकं साखळीने फिरतात. तिच्याहून मोठी मिजेट: चार सिलिंडरचं खास रेसिंगचं इंजिन, पण स्टार्टर नाही, मागून ट्रकने ढकलल्यावरच सुरू होते. स्प्रिंट कारलाही ढकलावंच लागतं, पण ती अंगाने थोराड, आठ सिलिंडरची. काहींच्या डोक्यावर मोठा पंख असतो, तो गाडीला जमिनीवर दाबून धरायला.

"कोणाबरोबर आलीस?"

"एकटीच."

"मीही," म्हणत तिने टॉवेलचं कोरडं टोक माझ्याकडे सरकवलं.

रविवारी फोनवर मी विचारलं, "तुमची मिजेट ना गं? ढकलूनच सुरू करता?"

"वेट. आई, हू टोल्ड यू?"

पहिल्या रांगेचं ऐकून ती खो खो हसली. "नोबडी सिट्स देअर, आई!" मग टायर, माती, काय काय सांगत राहिली. आणि एकदम आवाज खाली आला.

"आता तुला कळेल म्हणून सांगते. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला घरी नाही येत मी. कॅलिफोर्नियात मिजेटची रेस आहे."

इतके दिवस ती "बघू" म्हणत होती. तिच्या पलंगावर मी धुतलेली चादरही घालून ठेवली होती.

"ट्रेलर ॲरिझोनातूनच जाणार ना?"

"हो, पण वरच्या हायवेने, फ्लॅगस्टाफवरून. घरापासून अडीच तास लांब. वी ओन्ली स्टॉप फॉर गॅस."

"मग पेट्रोल भरायला थांबाल तिथे येते मी. किती जण आहात?"



"चौघं. पण आई, जेवायला बसता नाही येणार हं."

"उभ्याने खाता येईल असंच आणते," मी म्हणाले.